भीमगीतं १९५६ नंतरची नाहीत

एप्रिलमध्ये नाशिकला आंबेडकर जयंतीच्या मिरवणुका निघाल्या की हमखास ऐकू येतं: "गाणीबिणी बाबासाहेबांच्या पश्चात, १९५६ नंतर आली, खरी चळवळ सभांची आणि निवेदनांची." हा समज चुकीचा आहे आणि त्यात शाहिरांवर फार मोठा अन्याय होतो.

पंचवटीत काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि काही वर्षं चालला. त्याच दशकात शाहीर भीमराव कर्डकांचे जलसे, म्हणजे गाणी आणि सवाल-जवाबांचे खेळ, गावोगाव होत होते. वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत चळवळ पोचली ती ढोलकीवरून. साचा तमाशाचाच, त्याआधी सत्यशोधकांनीही वापरलेला. पण गवळणीच्या छेडछाडीऐवजी मंचावर पाणवठ्याचा, शाळेचा, अंधश्रद्धेचा सवाल-जवाब रंगायचा. लोक हसायचे आणि हसता हसता विचारात पडायचे. याला निव्वळ करमणूक म्हणणं मला पटत नाही. लोकशिक्षणच होतं ते.

सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे शाहीर वामनदादा कर्डक (जन्म १९२२) बाबासाहेबांच्या हयातीतच, १९४०च्या दशकात गाणी लिहू लागले. म्हणजे १९५६ ची रेघ इथेही टिकत नाही. त्यानंतर गाणी वाढली, कॅसेटवर आली, हे खरंच.

"सिनेमाची चाल लावली म्हणजे उसनवारी" हा आक्षेपही तितकाच पोकळ. ओठावर असलेल्या चालीत नवे शब्द बसवले की ते एका बैठकीत पाठ होतात. शाहिरांनी ती चाल जाणूनबुजून निवडली.