सांबऱ्याहून बेंगळूरु किती मिनिटं?
व्हॉट्सॲपवर अधूनमधून एक शोध फिरत असतो: पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून बेंगळूरुहून बेळगावला येताना गावच विमानाकडे सरकत येतं आणि वेळ वाचतो. खरं असतं तर विमान हवंच कशाला? तिथली जमीन ताशी १६०० किमीच्या वर वेगाने पूर्वेला जाते. हेलिकॉप्टर पंधरा मिनिटं जागच्या जागी तरंगत ठेवलं असतं, तर खाली अरबी समुद्र आला असता. येत नाही, कारण जमिनीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच असतं.

बेळगावचा सांबरा विमानतळ ते बेंगळूरुचा केम्पेगौडा विमानतळ हे हवाई अंतर सुमारे ४४५ किमी. रस्त्याने ५००च्या आसपास. संकेतस्थळं याला जेटच्या ताशी ८०० किमीने भागतात आणि तेहेतीस मिनिटं सांगून मोकळी होतात. विमान एटीआर ७२ सारखं पंख्याचं असेल तर वेग ताशी ५००, म्हणजे ५३ मिनिटं. चढताना-उतरताना तोही मिळत नाही. शिवाय तिकिटावरची वेळ जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते, त्यामुळे सव्वा तास सहज होतो.

खरी गंमत वाऱ्याची. विमानाचे हे ताशी ५०० हवेच्या तुलनेतले आहेत, जमिनीच्या नाहीत. समजा, ताशी १०० किमीचा वारा पाठीशी आहे: जमिनीवरचा वेग ६००, वेळ ४४ मिनिटं. परतताना तोच वारा समोरून: वेग ४००, वेळ ६७. बेरीज १११, वारा नसता तर १०७. जाताना मिळालेलं येताना फिटत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून असतं. वारा अगदी आडवा असला तरी सुटका नाही. वाहून जाऊ नये म्हणून नाक वाऱ्याकडे तिरकं धरावं लागतं. पायथागोरस लावा: कर्ण ५००, एक बाजू १००, उरलेली ४९०. म्हणजे दोन्ही खेपांना मिनिटभर जास्त.

उड्डाणही शक्यतो वाऱ्याच्या तोंडावर करतात, म्हणजे कमी धावपट्टीत पंखांना पुरेसा उचल मिळतो. सांबऱ्याची धावपट्टी जवळपास पूर्व-पश्चिम आहे आणि बेंगळूरु आग्नेयेला. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा. विमान आधी उलट दिशेला उडतं, मग वळतं. सोमवारी पूर्वेचा दिशाशूळ पाळणाऱ्यांची तेवढीच सोय! उतरणंही वाऱ्याच्या तोंडावरच, म्हणून येताना मात्र याच वाऱ्यात पूर्वेकडून जवळजवळ सरळ उतरता येतं. वारा पूर्वेचा असला की उलट: जाणारं सरळ निघतं, येणाऱ्याला विमानतळ ओलांडून पश्चिमेकडून मागे फिरावं लागतं. काही मिनिटं इथेच जातात.

जुलैत ढग खाली आले आणि धावपट्टी दिसेना, तर वर घिरट्या. त्यासाठी पर्यायी विमानतळ गाठून वर अर्धा तास पुरेल इतकं इंधन आधीच भरलेलं असतं. हुबळीला उतरवलं, तर पुढचे शंभरेक किमी रस्त्याने.