वर्तुळातला 'यू'

अमेरिकेच्या लोकसंख्येत ज्यू जेमतेम दोन टक्के. तरी तिथल्या सुपरमार्केटात हाताला लागेल तो डबा उलटसुलट करून पाहा, कुठेतरी वर्तुळात बसवलेला इंग्रजी 'यू' सापडण्याची शक्यता बरीच. हा ऑर्थोडॉक्स युनियन या ज्यू संस्थेचा कोशर शिक्का. कोशर म्हणजे ज्यू आहारनियमांत बसणारं. १९२३ मध्ये तो हाइन्झच्या शाकाहारी बीन्सच्या डब्यावर आला. ठळक अक्षरांत 'कोशर' छापलं तर बाकीचं गिऱ्हाईक बिचकेल अशी कंपनीला धास्ती होती म्हणून हे आडवळणाचं चिन्ह निघालं, असं सांगतात. ओळखणाऱ्याने ओळखावं, बाकीच्यांना पत्ताही लागू नये. माझ्या मते कोशर अमेरिकाभर पसरलं ते याच आडपडद्यामुळे.

त्याआधी कोशर म्हणजे मुख्यतः गल्लीतला खाटीक. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये १९०२ साली कोशर मांसाचा भाव पौंडाला १२ सेंटवरून १८ वर गेला, तेव्हा ज्यू बायकांनी बहिष्कार पुकारला आणि दुकानांतलं मांस रस्त्यावर फेकलं.

कारखान्याच्या मालात मात्र काय घातलंय, हे कळायचं कसं? अटलांटाचे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, टोबायस गेफेन यांना कोका-कोलाबद्दल सतत विचारणा व्हायची. कंपनीने गुप्ततेच्या अटीवर त्यांना घटक दाखवले. त्यात जनावरांच्या चरबीपासून काढलेलं ग्लिसरीन निघालं. प्रमाण अगदी नगण्य, पण मुद्दाम घातलेलं, म्हणून गेफेन यांनी सूट दिली नाही. कंपनीने वनस्पतिजन्य ग्लिसरीन वापरायला घेतलं आणि १९३५ मध्ये होकार मिळाला. ज्यूंच्या वल्हांडण सणाला धान्याचा अल्कोहोल चालत नाही, तर त्याचीही सोय झाली. पुढे कोकमध्ये मक्याचं सिरप आलं, तेही बऱ्याच ज्यूंना सणाला चालत नाही, पण सणापुरता पिवळ्या झाकणाचा साखरेचा कोक निघतोच. तो घ्यायला ज्यू नसलेलेही टपून असतात.

साठच्या दशकात जाहिरातदारांनी लपवाछपवी सोडली. 'लेव्हीज' या राय ब्रेडच्या पोस्टरांवर ज्यू सोडून बाकी सगळे ब्रेड खाताना दिसत: तो आवडायला ज्यू असावं लागत नाही, हे त्यांचं ब्रीद. हिब्रू नॅशनलच्या सॉसेजची जाहिरात तर थेट सांगायची, की आम्हाला सरकारपेक्षा वरच्याला जाब द्यावा लागतो. देवाचं नाव न घेता शुद्धतेची हमी! डुकराची चरबी काढून टाकलेलं ऑरिओ बिस्किटही १९९७ मध्ये कोशर झालं.

मिंटेल या बाजार-संशोधन कंपनीच्या २००९ च्या पाहणीत कोशर घेण्याचं कारण म्हणून ६२ टक्के ग्राहकांनी दर्जा सांगितला. धर्मनियमांसाठी घेणारे १४ टक्केच. मुसलमान, दुधाची अॅलर्जी असलेले, शाकाहारी, असे कितीतरी जण या शिक्क्यावर भिस्त ठेवतात. 'पार्वे' लिहिलं असेल तर त्यात मांस किंवा दूध घातलेलं नसतं. आपल्याकडच्या शाकाहाऱ्यांनी मात्र जपून, कारण अंडी आणि मासे पार्वेत चालतात.