इंडक्शन शेगडी : वापर आणि निगा

ज्वाला किंवा तापलेली तार न वापरता, बदलत्या चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने भांड्याच्या बुडातच उष्णता निर्माण करणारे विजेवरचे स्वयंपाकाचे साधन म्हणजे इंडक्शन शेगडी. घरोघरी तिला नुसते ‘इंडक्शन’ म्हणतात. दुकानात तिच्याच शेजारी, दिसायला अगदी तशीच असलेली इन्फ्रारेड शेगडीही विकायला असते आणि दोन्हींची गल्लत नेहमी होते. इन्फ्रारेड शेगडीत काचेखालची तार लालभडक होते, काच तापते आणि काचेची उष्णता भांड्याला मिळते. तिच्यावर बहुतेक भांडी चालतात. इंडक्शनमध्ये शेगडी स्वतः तापतच नाही, तापते ते भांडे. काच गरम लागते ती वर ठेवलेल्या भांड्यामुळे. या साधनाची सुरक्षितता, त्याची निगा आणि त्याच्या मर्यादा या एकाच गोष्टीतून निघतात.

कार्य

काचेखाली तांब्याच्या तारेचे जिलबीसारखे चपटे वेटोळे असते. ही तार एकसंध नसते. लाखेसारखा लेप दिलेल्या कित्येक बारीक तारा एकत्र पिळून ती केलेली असते, म्हणजे उच्च वारंवारतेच्या विजेने ती स्वतः फार तापत नाही. घरातली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची वीज आधी एकदिश केली जाते आणि मग आयजीबीटी नावाच्या इलेक्ट्रॉनिक स्विचने तिची दिशा सेकंदाला २० हजारांहून अधिक वेळा बदलली जाते. माणसाच्या कानाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, म्हणून वारंवारता त्याच्या वर ठेवतात. तरीही पातळ किंवा अनेक थरांच्या बुडाचे भांडे कधी कधी गुणगुणते. तो थरांच्या कंपनाचा आवाज असतो, बिघाडाचा नव्हे.

मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेले विद्युत चुंबकीय प्रवर्तन इथे कामाला येते. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याच्या बुडात भोवऱ्यासारखे फिरणारे विद्युत प्रवाह तयार होतात. लोखंडात हे प्रवाह बुडाच्या जेमतेम दशांश मिलिमीटर जाडीत दाटून वाहतात, त्यांना मोठा विरोध होतो आणि तेवढा भाग झपाट्याने तापतो. ॲल्युमिनियम आणि तांब्यात प्रवाह अधिक खोलवर पसरतात, विरोधही कमी होतो, त्यामुळे उष्णता नगण्य निघते. घरगुती शेगडी असे भांडे ओळखून वीज सोडतच नाही.

एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला सुमारे ०.०९ युनिट उष्णता लागते. इंडक्शनची कार्यक्षमता ८५ टक्क्यांच्या आसपास धरली, तर ०.१ युनिट वीज खर्च होते आणि २००० वॅटवर हे काम तीन मिनिटांत होते. गॅसची बरीचशी आच भांड्याच्या कडेने निघून जाते. भारतीय मानकानुसार घरगुती गॅस शेगडीची कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते, पण ती प्रयोगशाळेतल्या चाचणीत. ओट्यावर वारा असतो, भांडे लहान आणि बर्नर मोठा असतो, त्यामुळे आकडा घसरतो. १४.२ किलोच्या एका सिलिंडरचे काम करायला इंडक्शनला साधारण ११० ते १४५ युनिट लागतात, एवढा हिशेब या आकड्यांवरून मांडता येतो. स्वस्त काय पडेल हे आपल्या वीजबिलाच्या टप्प्यावर ठरते. महावितरणच्या १०० युनिटांच्या आतल्या ग्राहकाचे उत्तर एक, ३०० ओलांडणाऱ्याचे दुसरे.

प्रसार

१९५० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतल्या फ्रिजिडेअरने अशा शेगडीची प्रात्यक्षिके केली. शेगडी आणि भांडे यांच्यामध्ये वर्तमानपत्र ठेवून पाणी उकळून दाखवत, कागद मात्र जळत नसे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वेस्टिंगहाऊसने घरगुती वापराच्या दिशेने पुढचे काम केले. भारतात मागणी वाढली ती वेगळ्या कारणाने. सप्टेंबर २०१२ मध्ये अनुदानित सिलिंडरची संख्या वर्षाला सहावर आणली गेली. पुढे २०१३ मध्ये ती नऊ आणि २०१४ मध्ये बारा झाली. पण त्या मधल्या काळात महाराष्ट्रातल्या असंख्य ओट्यांवर गॅसच्या शेजारी इंडक्शन येऊन बसले होते. गॅसची जोडणी नसलेल्या भाड्याच्या खोल्यांत, पुण्यात शिकायला आलेल्या मुलामुलींच्या कॉटखाली, ते आजही एकमेव चूल असते.

भांडी

भांडे चालेल की नाही, हे पाहायला फ्रिजवरचे मॅग्नेट पुरते. बुडाला घट्ट चिकटले तर चालेल. सैल चिकटले तर चालेल, पण मंद. बिडाचा तवा आणि लोखंडी सपाट कढई उत्तम. सगळे स्टील सारखे नसते: ताटवाट्यांचे चांगल्या प्रतीचे स्टील बहुधा चुंबकाला दाद देत नाही, म्हणून चांगले जाड पातेलेही शेगडीवर नाकारले जाते आणि विकत घेणारा हिरमुसतो. ॲल्युमिनियमच्या कुकरला खाली पोलादी चकती जडवलेली असेल, तरच तो चालतो. कल्हईची पितळी पातेली, तांब्याची भांडी, मातीची खापरी, हिंडालियमचे टोप यांचा इथे उपयोग नाही. पोलादी चकती मध्ये ठेवून वर कुठलेही भांडे तापवता येते, पण तसे करताना इंडक्शनचा सगळा फायदा जातो आणि चकती बेफाम तापून काचेला घातक ठरते. हा उपाय टाळलेलाच बरा.

बूड सपाट हवे. खोलगट कढईचा काचेला टेकणारा भाग इतका लहान असतो की शेगडीला भांडे सापडतच नाही. फोडणीच्या कढल्याचेही तसेच. बहुतेक शेगड्यांना दहा-बारा सेंटीमीटरहून लहान बूड ओळखता येत नाही. मराठी स्वयंपाकाला ही मर्यादा खरी जाणवते. वांगे भाजणे, पापड भाजणे, तव्यावरून काढलेली भाकरी आचेवर टाकून फुगवणे, यांतले काहीच इंडक्शनवर होत नाही. भाकरी तव्यावरच उलटून, फडक्याने कडा दाबत फुगवावी लागते; सरावाने ती फुगते, मात्र आचेवरच्या भाकरीचा खरपूसपणा तिला येत नाही. त्यामुळे ज्या घरात रोज भाकरी होते तिथे गॅसचा एक बर्नर राखणे हा कमीपणा नव्हे.

उलट दूध, चहा, वरणभाताचा कुकर, पोहे, बटाटे उकडणे, ही कामे इंडक्शनने निवांत करावीत. पातळ बुडाच्या पातेल्यात दूध तापवताना मात्र वेटोळ्याच्या आकाराचे गोल कडे बुडाला लागते, कारण उष्णता नेमकी त्या वर्तुळात निघते. स्वस्त शेगड्यांमध्ये ‘मंद आच’ ही खरी मंद नसते. एका मर्यादेखाली शक्ती उतरत नाही, म्हणून शेगडी काही सेकंद जोरात चालते, काही सेकंद थांबते. बासुंदी आटवताना किंवा पुरण घोटताना हा झटका जाणवतो. जाड बुडाचे भांडे तो बराचसा झेलते.

वापरातील सुरक्षितता

इंडक्शनबद्दलची भीती बहुधा ‘रेडिएशन’भोवती फिरते, पण खरा धोका बऱ्याचदा भिंतीवरच्या प्लगमध्ये असतो. २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टला जवळजवळ ८.७ अँपिअर प्रवाह ओढते. मोबाइल आणि मिक्सरसाठी बसवलेल्या ६ अँपिअरच्या सॉकेटला तो झेपत नाही. जाड पिनांचे १६ अँपिअरचे सॉकेट, त्याला २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, चालू अर्थिंग आणि बोर्डात आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, ही खरी तयारी. जाड पिनांना कन्व्हर्टर लावून साध्या सॉकेटमध्ये खुपसणे आणि बारीक वायरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर कुकर चढवणे, या दोन सवयींनी प्लास्टिक वितळते, काळे पडते आणि शेवटी पेटते. अर्धा तास स्वयंपाक झाल्यावर बटण बंद करून प्लग हाताळून पाहावा. तो चांगलाच गरम लागला तर इलेक्ट्रिशियनला बोलवायची वेळ झाली आहे. घरगुती इन्व्हर्टर बहुधा ही शेगडी ओढू शकत नाही, म्हणून वीज गेल्यावर तो प्रयत्न करू नये.

दुसरा धोका वेगाचा. गॅसवर तेल तापायला जेवढा वेळ लागतो त्याची आपल्या हाताला सवय असते. रिकामे लोखंडी किंवा नॉनस्टिक भांडे पूर्ण शक्तीवर एक-दोन मिनिटांत धोक्याइतके तापते. नॉनस्टिकचा लेप २६० अंशांच्या वर बिघडू लागतो. आधी तेल घालावे, शक्ती मध्यम ठेवावी, मोहरी हाताशी असावी आणि तिथून हलू नये. शेगडीतला तापमान ओळखणारा घटक काचेच्या खाली, मध्यभागी असतो. त्याला काचेचे तापमान कळते, तेलाचे नाही. बूड आत वाकलेले असेल तर तो आणखी फसतो. पडद्यावर १८० अंश दिसतात म्हणून तेल १८० अंशांवरच आहे, असे धरून चालू नये.

भांडे उचलताच शक्ती थांबते आणि ज्वालेचा प्रश्नच नसतो, म्हणून ओढणी किंवा पदर पेटण्याची भीती इथे फार कमी. ही मोलाची गोष्ट आहे. मात्र काच बराच वेळ पोळते आणि ती लाल होत नसल्याने मुलांना कळत नाही. काचेवर चमचे, झाकणे, सुऱ्या ठेवू नयेत. ॲल्युमिनियमची फॉइल तर मुळीच नको: जाड ॲल्युमिनियम तापत नसले तरी पातळ फॉइल झटकन तापते आणि काचेला चिकटते.

चुंबकीय क्षेत्र भांड्यापासून दूर जाता झपाट्याने कमी होते. भांडे लहान असेल किंवा मध्यभागी नसेल तर ते अधिक पसरते, म्हणून वर्तुळ झाकेल असे भांडे नीट मध्यावर ठेवणे एवढी काळजी सर्वांना पुरेशी आहे. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेले तत्सम उपकरण असणाऱ्यांनी चालू शेगडीपासून साधारण दोन फूट अंतर राखावे आणि स्वतः वापरण्याआधी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे.

निगा

काच म्हणजे प्रत्यक्षात काच-सिरॅमिक. उष्णतेने ती जवळजवळ प्रसरण पावत नाही, त्यामुळे तापलेल्या काचेवर थंड पाणी सांडले तरी चांगल्या प्रतीची काच तडकत नाही. पण आघाताने ती फुटते. बिडाचा तवा वरून आपटला, वरच्या फळीवरून बरणी पडली, की काम संपले. तडा गेलेली शेगडी वापरू नये, ‘बारीकच आहे’ म्हणूनही नाही. ओघळलेले पाणी तड्यातून थेट विजेच्या भागांपर्यंत पोचते. वीज भिंतीवरून बंद करावी, काच बदलून घ्यावी. खोलून दुरुस्त करण्याचा मोह टाळावा; प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही काळ विद्युतभार राहतो.

रोजची सफाई सोपी आहे. प्लग काढून, काच निवल्यावर, भांडी घासायच्या सौम्य साबणाच्या ओलसर फडक्याने पुसावे आणि मग कोरडे करावे. डाग राहिला तर खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट लावून मऊ कापडाने चोळावा, पांढरट पाण्याचे डाग व्हिनेगरने जातात. तारेची घासणी, काथ्या, राख यांनी पडणारे चरे जात नाहीत. भांड्याच्या बुडाला चिकटलेला वाळूचा कणही चरा पाडतो, त्यामुळे बूड पुसून ठेवावे आणि भांडे सरकवण्याऐवजी उचलावे. अपवाद साखर-गुळाच्या पाकाचा. बाकी सगळे निवल्यावर पुसायचे, पण चिक्कीचा किंवा पाकातल्या लाडवांचा पाक सांडला तर वीज बंद करून, हात सांभाळून, तो गरम असतानाच लाकडी किंवा सिलिकॉनच्या उलथन्याने ओढून काढावा. निवून घट्ट झालेला पाक सुटताना काचेचे टवके घेऊन निघतो.

खालून हवा घेणारा पंखा हा शेगडीचा प्राण. खाली वर्तमानपत्र किंवा प्लास्टिकचे टेबलक्लॉथ असेल तर ते ओढले जाऊन जाळी बंद होते, आतले तापमान वाढते आणि शेगडी मध्येच थांबते किंवा आयजीबीटी जळते. सपाट, कोरडा ओटा आणि भिंतीपासून किमान दहा सेंटीमीटर अंतर असावे. शेगडी बंद केल्यावर पंखा काही मिनिटे चालू राहतो. तो थांबल्यावरच प्लग काढावा. जाळीवरची तेलकट धूळ महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशने काढावी. झुरळांना आतली ऊब आवडते आणि सर्किटवर शॉर्ट होण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. शेगडीवर किंवा तिच्या जाळीत झुरळांचे औषध मारू नये. ओटा रात्री कोरडा आणि खरकट्यावाचून ठेवणे हाच उपाय टिकतो. उतू गेलेले दूध जाळीतून आत गेले असेल तर प्लग काढून ती पूर्ण वाळेपर्यंत लावू नये आणि शक्यतो दाखवून घ्यावी.

रेंज

युरोप-अमेरिकेत चार-पाच इंडक्शन जागा आणि खाली ओव्हन असा एकत्र उभा संच प्रचलित आहे. ब्रिटनमध्ये त्याला रेंज कुकर म्हणतात आणि तिथल्या मराठी घरांतही तो दिसतो. काचेची निगा आणि भांड्यांचे नियम तेच. वीज मात्र कैक पटींनी अधिक लागते. त्यासाठी स्वतंत्र जोडणी करावी लागते आणि ती परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करायची असते. अमेरिकेत ही जोडणी सहसा २४० व्होल्ट आणि ४० ते ५० अँपिअरची असते. ओव्हनच्या उघड्या दारावर जड भांडे ठेवल्यास संच पुढे कलंडू शकतो, म्हणून सोबत आलेली भिंतीची पकड बसवलीच पाहिजे. घर नवे घेतले असेल तर ती बसवली आहे का, हे मागे वाकून एकदा पाहावे.