लोखंड जळत नाही, मग शेड का बसते?

स्टीलची शेड, गोदाम किंवा कारखाना असलेल्या आमच्या ग्राहकांसाठी

"आमची शेड तर सगळी लोखंडी, तिला आगीचं काय भय?" लोखंडाला आगीपासून संरक्षण देण्याच्या कामासाठी साइट बघायला गेलो की हा प्रश्न हमखास येतो. लोखंड पेट घेत नाही, हे खरं. पण लोहार तरी ते कुठे वितळवतो? लालबुंद झालं की घणाखाली हवं तसं वाकतं. शेडचंही तेच होतं. पोलाद वितळायला सुमारे 1500 अंश सेल्सिअस लागतात, पण आयएस 800 या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकातल्या सूत्राप्रमाणे 550 अंशांनाच त्याची ताकद जवळपास निम्मी होते. आगीत बांधकाम किती टिकतं हे तपासायच्या चाचणीतली प्रमाणित आग पाचव्या मिनिटाला 575 अंशांच्या आसपास असते आणि तासाभरात 945 वर जाते.

शिवाय तापलेलं लोखंड वाढतं. 20 मीटरचा राफ्टर, म्हणजे छप्पर पेलणारी तुळई, 500 अंशांनी तापला, तर सुमारे 12 सेंटीमीटर लांबतो. आधी तो कॉलम बाहेर ढकलतो, मग मऊ पडून झोळीसारखा लोंबतो आणि तेच कॉलम आत ओढतो. भिंती कोसळतात त्या अशा.

शिकागोच्या मॅकॉर्मिक प्लेस प्रदर्शनगृहाला जानेवारी 1967 मध्ये आग लागली. छपराचे पोलादी ट्रस (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे) उंचावर होते आणि त्यांना कसलंही संरक्षण नव्हतं. आत प्रदर्शनाचे लाकडी, कापडी स्टॉल उभे होते. जळाला तो माल, पण खाली आलं ते छप्पर. म्हणून आम्ही पहिल्यांदा विचारतो: शेडमध्ये साठवता काय?

दुसरा प्रश्न लोखंडाच्या जाडीचा. तव्यावर पापड लगेच भाजतो, भाकरीला वेळ लागतो. पीईबी शेडचे (कारखान्यात भाग तयार करून साइटवर जोडलेल्या शेडचे) सेक्शन, म्हणजे खांब-तुळया, पातळ असतात, म्हणून ते झटपट तापतात. जुन्या जाड गर्डरला जास्त वेळ मिळतो. त्यामुळे "चौरस फुटाला भाव काय?" याचं उत्तर फोनवर देता येत नाही. ड्रॉइंग पाठवा, प्रत्येक सेक्शनचा हिशेब वेगळा निघतो.

संरक्षण म्हणजे वेळ विकत घेणं: माणसं बाहेर पडायला आणि अग्निशमन दल आत यायला. अर्धा तास, एक तास की दोन तास, हे इमारतीच्या वापरावर आणि उंचीवर ठरतं.

दिसणाऱ्या भागाला उष्णतेने फुगणारा रंग बरा. आमच्या टेबलावर अँगलचा एक तुकडा असतो. अर्ध्यावर हा रंग, अर्धा उघडा. खालून ब्लोलॅम्प धरला की रंग आधी मऊ होतो, बुडबुडे येतात आणि बघता बघता काळ्या पावासारखा थर फुगून उभा राहतो. तोच लोखंडापर्यंत जाणारी उष्णता अडवतो. ऑफिसमध्ये आलात तर जरूर करून बघा. फॉल्स सीलिंगच्या वर, जिथे कोणाची नजर जात नाही, तिथे व्हर्मिक्युलाइट या हलक्या खनिजाचा गिलावा फवारावा. दिसायला ओबडधोबड, पण दोन तासांसाठी बहुतेक वेळा रंगापेक्षा स्वस्त पडतो. फोर्कलिफ्ट फिरते तिथल्या कॉलमला आगरोधक बोर्डाचं वेष्टण किंवा काँक्रीट.

एका गोष्टीत मात्र फसू नका. "हीट रेझिस्टंट" चंदेरी रंग धुराड्यासाठी असतो. तो स्वतः टिकतो, आतल्या लोखंडाला वाचवत नाही. हा रंग मारलेल्या शेडला "फायरप्रूफ" म्हटलेलं आम्ही पाहिलं आहे.

फुगणाऱ्या रंगाच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) मोजली जाते. जाडी मोजायचं यंत्र, म्हणजे गेज, कॉलमला टेकवा आणि आकडा स्वतः वाचा. आमच्या माणसाने नुसतं "झालं साहेब" म्हटलं म्हणून सही करू नका. जोडाचे बोल्ट आणि प्लेटा, फ्लँजच्या (तुळईच्या वरच्या-खालच्या आडव्या पट्ट्यांच्या) आतल्या कडा मुद्दाम तपासा, कारण हात पोचत नाही तिथेच थर पातळ राहतो.

आमचंही एकदा चुकलं. एका गोदामाचं काम पूर्ण करून आम्ही निघून आलो. पुढच्या वर्षी गेलो, तर केबल ट्रेसाठी सगळ्या कॉलमवर ब्रॅकेट वेल्ड केलेले आणि प्रत्येक ब्रॅकेटभोवती वीतभर रंग जळून लोखंड उघडं. वेल्डिंगवाल्याचा त्यात दोष नाही. हा रंग साधा नाही, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून काम संपलं की आम्ही प्रत्येक कॉलमवर पाटी लावतो: "येथे वेल्डिंग, ड्रिलिंग करण्याआधी कळवा." ती पाटी काढू नका. ब्रॅकेट लावायचाच असेल तर आधी फोन करा. तेवढा भाग दुरुस्त करायला आमचा माणूस येतो.