15 वर्षे पूर्ण झालेल्या मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण : पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 41 नुसार खासगी मोटारीचे नोंदणी प्रमाणपत्र (आरसी) 15 वर्षांसाठी वैध असते आणि पुढे एका वेळी 5 वर्षांसाठी त्याचे नूतनीकरण करता येते. ही 15 वर्षे पहिल्या नोंदणीपासून मोजली जातात; आपण ती मोटार दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडून कधी घेतली, याचा त्या मुदतीशी काही संबंध नाही. नेमकी तारीख आरसीवर छापलेली असते. दिल्लीच्या बातम्यांमुळे 15 वर्षे झालेली गाडी भंगारातच घालावी लागते असा समज आपल्याकडेही पसरला आहे, परंतु राजधानी क्षेत्रातील वयाचे निर्बंध महाराष्ट्रातील खासगी मोटारींना लागू नाहीत. सरकारी मालकीच्या वाहनांचे मात्र 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांनंतर नूतनीकरण होत नाही.

मुदत संपण्याच्या आधीच्या 60 दिवसांत अर्ज करता येतो. प्रत्यक्षात अर्ज भरण्याला फारसा वेळ लागत नाही. वेळ जातो तो आरसीवरील जुन्या नोंदी दुरुस्त करण्यात. म्हणून मुदत संपण्याच्या पाच-सहा महिने आधी आरसी काढून त्यावरचे नाव, पत्ता आणि कर्जाची नोंद वाचून पाहावी, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

अर्ज नोंदणीकृत मालकालाच करता येतो. गाडी विकत घेतली पण नावावर करून घेतली नाही, अशी स्थिती असल्यास आधी नमुना 29 आणि 30 भरून मालकी हस्तांतरण करावे लागते आणि त्यासाठी मूळ मालकाची सही लागते. तो शोधूनही सापडत नसेल तर काम तेथेच थांबते. गाडी वडिलांच्या नावावर असून ते हयात नसल्यास वारसाने नमुना 31 मध्ये अर्ज करून, मृत्यूचा दाखला आणि अन्य वारसांची संमती जोडून गाडी स्वतःच्या नावावर घ्यावी. मृत्यूनंतर 30 दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवणे आणि तीन महिन्यांत हस्तांतरणाचा अर्ज करणे कायद्याने अपेक्षित आहे. शेतीच्या उताऱ्यावर वारस लावण्यासाठी तलाठ्याकडे जाणारी घरे गाडीच्या बाबतीत मात्र वर्षानुवर्षे थांबून राहतात.

कर्जाची नोंद हा दुसरा अडथळा आहे. हप्ते फिटले म्हणजे आरसीवरील बोजा आपोआप उतरत नाही. त्यासाठी वित्तपुरवठा करणाऱ्या संस्थेचे ना-हरकत पत्र आणि तिच्या सही-शिक्क्याचा नमुना 35 दाखल करावा लागतो. कर्ज चालू असल्यास नूतनीकरणासाठी त्या संस्थेची संमती लागते. जळगाव जिल्ह्यात पतसंस्थांकडून वाहनकर्ज घेतलेले अनेक जण आहेत आणि त्यांतील काही संस्था पुढे अवसायनात गेल्या, म्हणजे बंद करून गुंडाळण्यात आल्या. अशा वेळी जुन्या शाखेचे कुलूप पाहून परत न येता सहकार खात्याच्या कार्यालयात अवसायकाचे, म्हणजे त्या संस्थेचा कारभार गुंडाळण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचे, नाव विचारून त्याच्याकडे लेखी मागणी करावी आणि कर्जफेडीच्या पावत्या सोबत जोडाव्यात.

अर्ज ज्या कार्यालयाच्या हद्दीत वाहन वापरात आहे तेथे करावा. धुळ्याला एमएच-18, जळगावला एमएच-19, नंदुरबारला एमएच-39 आणि चाळीसगावला एमएच-52 असे क्रमांक आहेत. गाडीचा क्रमांक नाशिकचा किंवा पुण्याचा असला तरी राज्य तेच असल्याने तो बदलावा लागत नाही; फक्त पत्ताबदलाची नोंद आधी करून घ्यावी. सुरतेत नोकरीला असताना घेतलेली जीजे क्रमांकाची गाडी, किंवा बुऱ्हाणपूर-सेंधव्याकडून आणलेली मध्य प्रदेशची गाडी, यांचे प्रकरण निराळे आहे. परराज्यातील वाहन 12 महिन्यांपेक्षा जास्त काळ येथे ठेवल्यास मूळ कार्यालयाकडून नमुना 28 मधील ना-हरकत प्रमाणपत्र आणून, येथील कर भरून, नवा क्रमांक घ्यावा लागतो. नवापूर, शिरपूर आणि रावेर या सीमेवरच्या तालुक्यांत अशा गाड्या बऱ्याच दिसतात, त्यामुळे हा मुद्दा तेथील वाचकांनी विशेष लक्षात घ्यावा.

नूतनीकरणाचा अर्ज नमुना 25 मध्ये असतो. त्यासोबत मूळ आरसी, चालू विमा, वैध पीयूसी, मालकाचे ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा, पॅन किंवा ते नसल्यास नमुना 60, कर भरल्याचा पुरावा आणि चेसिस क्रमांकाचा पेन्सिल ठसा लागतो. गॅस किट बसवलेले असल्यास त्याची आरसीवर नोंद हवी आणि टाकीचे चाचणी प्रमाणपत्र चालू हवे. गावात किट बसवून घेतले आणि नोंद केलीच नाही, असे असेल तर ती आधी करावी. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी (एचएसआरपी नंबर प्लेट) सक्तीची आहे आणि तिच्याशिवाय परिवहन कार्यालयातील कामे अडवली जातात. मोटारीसाठी तिचा दर 745 रुपये आणि त्यावर जीएसटी असा आहे.

अर्ज परिवहन पोर्टलवर वाहन क्रमांक आणि चेसिस क्रमांकाचे शेवटचे पाच अंक भरून सुरू होतो. ओटीपी आरसीशी जोडलेल्या मोबाइलवरच येतो, त्यामुळे जुना क्रमांक बंद पडला असल्यास तो आधी बदलून घ्यावा. थकीत ई-चलानही याच वेळी भरून टाकावे. शुल्क ऑनलाइन भरून पावती छापली की ठरलेल्या दिवशी गाडी तपासणीसाठी न्यावी लागते. मोटार वाहन निरीक्षक चेसिस क्रमांक, दिवे, ब्रेक, टायर, हॉर्न आणि वायपर पाहतात. गंजलेला किंवा चिखलाने झाकलेला चेसिस क्रमांक आदल्या दिवशीच साफ करून ठेवावा. भुसावळ-जळगावच्या उन्हात वायपरचे रबर लवकर कडक होऊन चिरते. ते थोड्या पैशांत बदलता येते आणि त्यासाठी गाडी परत पाठवली जाण्यात काही शहाणपण नाही.

मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 5,000 रुपये आहे आणि आयात मोटारीसाठी 40,000 रुपये. याशिवाय स्मार्ट कार्डाचे शुल्क आणि राज्याचा पर्यावरण कर भरावा लागतो. तो पेट्रोल आणि डिझेल गाड्यांना वेगवेगळ्या दराने, 5 वर्षांसाठी एकदाच आकारला जातो. मुदत उलटल्यास प्रत्येक महिन्याला, किंवा महिन्याच्या भागालाही, 500 रुपये जादा लागतात. तीन वर्षे विसरलेल्या गाडीवर अशी 18,000 रुपयांची रक्कम चढते, म्हणजे मूळ शुल्काच्या साडेतीनपटीहून अधिक. शिवाय नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर आणल्यास कलम 192 प्रमाणे पहिल्या गुन्ह्याला 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते.

तपासणी मंजूर झाल्यावर नवी आरसी टपालाने घरी येते. तोपर्यंत शुल्काची पावती गाडीत ठेवावी. पुढील नूतनीकरणाच्या वेळी हिशेब बदलतो, कारण ऑगस्ट 2025 च्या दुरुस्तीनुसार 20 वर्षांहून जुन्या मोटारीचे शुल्क 10,000 रुपये झाले आहे. तेवढा खर्च, दुरुस्ती आणि पर्यावरण कर जमेस धरून गाडी ठेवणे परवडत नसेल, तर ती नोंदणीकृत वाहन निष्कासन केंद्रात, म्हणजे गाड्या अधिकृतपणे मोडीत काढणाऱ्या केंद्रात, जमा करावी. तेथे मिळणारे ठेव प्रमाणपत्र नव्या वाहनाच्या करात सवलत मिळवण्यासाठी उपयोगी पडते, जी गल्लीतल्या भंगारवाल्याला गाडी दिल्यास मिळत नाही. उलट नोंदणी रद्द न झाल्याने त्या गाडीची जबाबदारी मालकाच्याच नावावर राहते.