फोटोग्रॅव्ह्यूर स्मरणचित्रे

फोटोग्रॅव्ह्यूर स्मरणचित्रे : प्रदर्शनाची आठवण म्हणून विकली जाणारी, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली छायाचित्रे. गोव्यात हा विषय निघतो तो मुख्यतः लिस्बनच्या 'पोर्तुगीज जग' प्रदर्शनामुळे. ११४० ची राष्ट्रस्थापना आणि १६४० मध्ये स्पेनपासून परत मिळवलेले स्वातंत्र्य, अशा दुहेरी शताब्दीनिमित्त पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांच्या राजवटीने ते २३ जून ते २ डिसेंबर १९४० या काळात लिस्बनच्या बेलें भागात भरवले. पॅरिस जर्मनांच्या हाती पडून तेव्हा जेमतेम नऊ दिवस झाले होते.

वसाहतींचा विभाग एन्रिक गालव्हांव यांच्याकडे होता. (पुढे हेच गृहस्थ सालाझारविरोधक झाले आणि जानेवारी १९६१ मध्ये त्यांनी 'सांता मारिया' हे प्रवासी जहाज पळवले, त्याच डिसेंबरात गोवा मुक्त झाला.) गोवा या मांडणीत पोर्तुगालच्या 'राष्ट्रीय' इतिहासाचा भाग होता. अशी चित्रे पाहताना हे ध्यानात ठेवावे लागते.

बहुतेक दालने तात्पुरती होती. शोधयात्रींचे प्रसिद्ध स्मारकही तेव्हा तकलादूच होते. आजचे काँक्रीटचे स्मारक १९६० चे. म्हणून त्या दालनांचे रूप कळते ते बरेचसे छापील चित्रांतून.

कारेल क्लीच यांनी १८७९ मध्ये व्हिएन्नात फोटोग्रॅव्ह्यूरची पद्धत सिद्ध केली. पत्र्यावर राळेची बारीक भुकटी तापवून चिकटवतात, त्यावर पारदर्शक छायाचित्रातून प्रकाश दाखवलेला जिलेटिनचा थर बसवतात, कोमट पाण्याने धुतात आणि फेरिक क्लोराइडने पत्रा कोरतात. गडद छटेच्या जागी जिलेटिन पातळ उरते, तिथे खळगा खोल होतो आणि शाई जास्त धरतो. दमट कागदावर दाब देऊन छापल्यामुळे सावल्या मखमली दिसतात. मोठ्या खपासाठी पत्र्याऐवजी दंडगोल वापरला जाई, ते रोटोग्रॅव्ह्यूर.

ओळखताना नावावर विसंबू नये. पोर्तुगीजमध्ये 'फोतोग्रावुरा' हा शब्द पुष्कळदा आपल्या छापखान्यांत ज्याला 'ब्लॉक' (फोटोचा ठिपक्याठिपक्यांचा उठावदार धातूचा ठसा) म्हणत त्यालाच लावलेला असतो. भिंगाखाली ब्लॉकच्या छपाईत लहानमोठे ठिपके ओळीने दिसतात, रोटोग्रॅव्ह्यूरमध्ये बारीक जाळी, तर खऱ्या फोटोग्रॅव्ह्यूरमध्ये अनियमित रवाळपणा. कडेला पत्र्याचा दबलेला ठसाही असतो, पण कडा कापलेल्या पोस्टकार्डांवर तो सापडत नाही.

छपाईची शाई रंगद्रव्याची असल्याने जुन्या चांदीच्या फोटोंसारखी ही चित्रे फिकी पडत नाहीत. गोव्याच्या पावसाळ्यात बिघडतो तो कागद : आधी तांबूस डाग, मग बुरशी, आणि पेटीच्या तळाशी राहिला तर कसर.