नाटक शिकायला निघालेल्या मुलामुलींच्या पालकांसाठी: प्रवेश, ऑडिशन आणि पैशाची जुळवाजुळव

मार्च लागला की नागपुरातल्या आमच्या धरमपेठेच्या कार्यालयात पालकांची ये-जा वाढते. बहुतेकांच्या हातात फाइल असते, पण नाटकाच्या प्रवेशासाठी येणाऱ्यांच्या हातात पिशवी असते. गेल्या वर्षी एका आईंनी अशीच पिशवी आमच्या टेबलावर रिकामी केली. युवक महोत्सवाची चार प्रमाणपत्रे, राज्य नाट्य स्पर्धेतल्या प्रयोगाची घडीवर फाटत आलेली पत्रिका, पेपरातली कात्रणे, आणि सायंटिफिक सभागृहातला एक फोटो, त्यात मुलगा दुसऱ्याच्या खांद्याआड निम्मा झाकलेला. "पोट्टं ऐकतच नाही जी, आता तुम्हीच सांगा काय करायचं ते," त्या म्हणाल्या.

खरे तर प्रवेशाला लागणारे बहुतेक सगळे त्या पिशवीतच होते. फक्त एका पत्रिकेत आडनाव चुकीचे छापले होते आणि दुसरीत मुलाचे नाव 'प्रकाशयोजना साहाय्य' या ओळीत होते. दोन्हींसाठी दिग्दर्शकाचे पत्र हवे होते, आणि दिग्दर्शक झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांच्या, प्रयोगांसाठी गडचिरोलीतल्या वडशाला मुक्कामी. पत्र यायला अकरा दिवस लागले. अर्जाची मुदत संपायला तेव्हा दोन दिवस उरले होते.

हे माहितीपत्रक अशा घरांसाठी आहे. प्रवेश अर्ज आणि शैक्षणिक कर्जाच्या फाइली तयार करणे हे आमचे रोजचे काम. त्यातून कळलेली मुख्य गोष्ट आधीच सांगतो: पैशाची फाइल ऑडिशनच्या आधी तयार ठेवा, निकालाची वाट पाहू नका. इंजिनिअरिंगला प्रवेशाच्या फेऱ्या ठरलेल्या असतात, बँकेलाही ते वेळापत्रक पाठ असते. नाट्यशास्त्रात प्रत्येक संस्थेचे वेळापत्रक वेगळे. निकाल लागल्यावर फी भरायला मोजके दिवस मिळतात आणि कर्ज मंजूर व्हायला आठवडे जातात. या मधल्या खिंडीत घरातले दागिने गहाण पडताना आम्ही पाहिले आहेत.

बारावीनंतर की पदवीनंतर?

बारावीनंतर थेट नाटक शिकायचे असेल तर पुण्याला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे. १९८७ साली सुरू झालेल्या या केंद्रात नाटकाबरोबर संगीत आणि नृत्यही गुरुकुल पद्धतीने शिकवतात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातही नाट्यविभाग आहे. नागपूरकरांच्या सहसा लक्षात न येणारी जागा म्हणजे छत्तीसगडमधले खैरागढ. तिथल्या राजा-राणीने आपल्या दिवंगत मुलीच्या स्मरणार्थ राजवाडा दिला आणि १९५६ साली इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय उभे राहिले. हावडा मार्गावर डोंगरगड किंवा राजनांदगावला उतरून पुढे रस्त्याने जाता येते. दिवाळीला मुलगी घरी यायची तर पुण्यापेक्षा हे सोपे.

पदवीनंतर वाटा वाढतात. मुंबई विद्यापीठाच्या अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्समध्ये दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे. आणि बहुतेक मुलांच्या डोक्यात असते ते दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय, म्हणजे एनएसडी. १९५९ साली संगीत नाटक अकादमीने ते सुरू केले, १९७५ पासून ती स्वायत्त संस्था आहे. तीन वर्षांच्या पदविकेला पदवी हवीच, शिवाय किमान सहा नाटकांतला सहभाग दाखवावा लागतो. जागा जेमतेम ३२, त्याही साऱ्या देशासाठी.

इथे आमचे मत स्पष्ट आहे, पटले नाही तरी ऐकून घ्या. घरची परिस्थिती बेताची असेल तर पदवी नागपुरातच करू द्या. बीए, बीकॉम, जे जमेल ते. मूल घरी राहील, जेवण घरचे, फी आवाक्यातली. त्या तीन वर्षांत महाविद्यालयाची एकांकिका, राज्य नाट्य स्पर्धेतल्या एखाद्या संघात काम, जमले तर झाडीपट्टीचा एक हंगाम. दिवाळीनंतर गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडे रात्ररात्र चालणारी ही नाटके पुष्कळ पालकांना कमीपणाची वाटतात. आम्हाला वाटत नाहीत. २०२३ साली झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. आणि हजारो प्रेक्षकांसमोर पहाटेपर्यंत आवाज टिकवणे ही शिकवणी पैसे देऊन मिळत नाही, उलट मानधन मिळते.

प्रत्येक प्रयोगानंतर तीन गोष्टी जपा: नाव छापलेली पत्रिका, रंगमंचावरचा चेहरा दिसेल असा फोटो आणि दिग्दर्शकाचे सही-तारखेचे पत्र. पत्र त्याच आठवड्यात घ्या. कारण वर सांगितलेच.

ऑडिशन

एनएसडीची प्राथमिक फेरी ठरावीक शहरांत होते. त्यातून निवडलेल्यांना दिल्लीला बोलावतात आणि तिथे काही दिवस कार्यशाळा चालते. म्हणजे खर्च दोन प्रवासांचा धरा, दुसऱ्यात राहण्या-जेवणाचाही. परतीचे तिकीट शेवटच्या दिवसाच्या संध्याकाळचे काढू नका.

तिथे हिंदी आणि इंग्रजी कामापुरती यावी लागते. आपल्या मुलांना वाटते हिंदी तर येतेच. पण 'मेरे को', 'तेरे को'ची सीताबर्डीची हिंदी आणि संहितेतली हिंदी यांत बरेच अंतर आहे. सहा महिने रोज मोठ्याने वाचायला लावा. मराठीतला स्वगताचा उतारा कितीही चांगला असो, हिंदीतलाही एक पक्का हवा.

पालकांनी काय करायचे? स्टेशनवर सोडायचे, डबा द्यायचा, आणि दाराबाहेर उभे राहून आत काय विचारले ते इतर पालकांना विचारायचे नाही.

फी आणि फीशिवायचे

सरकारी विद्यापीठांत फी हा खर्चाचा लहान भाग असतो. खोली, मेस, प्रवास आणि तालमीनंतर रात्री उशिराच्या रिक्षा मिळून ती केव्हाच मागे पडते. एनएसडीत निवड झालेल्या विद्यार्थ्यांना दरमहा शिष्यवृत्ती मिळते, त्यामुळे सगळ्यात अवघड प्रवेश हाच बहुधा सगळ्यात स्वस्त. नागपुरात हे ऐकून वडील मंडळी प्रथमच खुर्चीत मागे टेकून बसतात.

इतर ठिकाणी राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्यांचे महाडीबीटी पोर्टल पाहा. तुमचा अभ्यासक्रम आणि तुमची संस्था तिथल्या यादीत दिसते का, एवढेच आधी तपासा. यादीत नसेल तर पुढचे सगळे व्यर्थ. एक गैरसमज आम्हाला दर आठवड्याला खोडावा लागतो: राज्याने २०२४ पासून मुलींना दिलेली शंभर टक्के शुल्कमाफी ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ठरावीक प्रवर्गांच्या मुलींसाठी आणि मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. नाट्यशास्त्राच्या बीएला ती मिळेल असे धरून हिशेब करू नका. उत्पन्नाचा दाखला मात्र एप्रिलमध्येच काढा. जूनमध्ये सेतू केंद्रावरची रांग तुम्हाला माहीत आहे.

केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाची १८ ते २५ वयोगटातल्या कलावंतांसाठी दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे, महिना ५ हजार रुपये. ती गुरूकडे पुढचे शिक्षण घेण्यासाठी असते, कॉलेजच्या फीसाठी नव्हे.

आता कर्ज. बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा घालावा लागत नाही. त्यापुढे देशातल्या शिक्षणाला ५ टक्के, परदेशातल्याला १५ टक्के. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, पण आई किंवा वडील सहकर्जदार हवेतच. हप्ता अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होतो.

इथेच लोक चुकतात. हप्ता नसला तरी व्याज चालूच असते. समजा तीन वर्षे, दर वर्षाच्या सुरुवातीला २ लाख उचलले आणि दर १० टक्के. पहिल्या वर्षाचे व्याज २० हजार, दुसऱ्याचे ४०, तिसऱ्याचे ६०, आणि सवलतीच्या चौथ्या वर्षाचे आणखी ६०. हप्ता सुरू होतो त्या दिवशी ६ लाखांचे ७ लाख ८० हजार झालेले असतात. दहा वर्षांच्या फेडीला महिन्याचा हप्ता सुमारे १० हजार ३०० पडतो. व्याज महिन्याच्या महिन्याला भरत गेलात, पहिल्या वर्षी सुमारे १,६७० रुपये, तर तोच हप्ता ७,९३० च्या आसपास राहतो. नटाला महिन्याचा पगार नसतो. कधी एका मालिकेचे पैसे एकदम येतात, मग चार महिने काही नाही. म्हणून पहिली दोन-तीन वर्षे हप्ता आपणच भरणार आहोत असे समजूनच सही करा. ते जमणार नसेल तर कर्जाची रक्कम कमी करा.

विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करता येतो. २०२४ साली आलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना १० लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात ३ टक्के सवलत आहे, पण संस्था त्यांच्या यादीत असावी लागते.

खासगी अभिनय अकादमींबद्दल थोडक्यात: पदवी कोणते विद्यापीठ देते ते लेखी विचारा. नुसते प्रमाणपत्र असेल तर शैक्षणिक कर्ज बहुधा मिळणार नाही आणि लोक महागड्या वैयक्तिक कर्जाकडे वळतात. त्यासाठी आम्ही फाइल करून देत नाही, नाराज होऊ नये.

परदेशाची चौकशी वर्षाला एखादीच येते, तीही अमेरिकेची. तिथे अभिनयावर भर देणारी बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स) आणि इतर विषयांसह नाटक शिकवणारी बीए असे दोन प्रकार असतात. अनेक ठिकाणी आधी चित्रफीत मागवतात, मग ऑडिशन. खासगी विद्यापीठांत राहण्याखाण्यासकट वर्षाला ८० हजार डॉलरच्या पुढे खर्च जाणे नवलाचे नाही, आणि तिथल्या सरकारची विद्यार्थी मदत भारतीय नागरिकांना मिळत नाही. विद्यापीठाने स्वतःची शिष्यवृत्ती दिली तरच पुढे बोलू.

आमच्याकडे पहिली बैठक मोफत असते. येताना पिशवी घेऊन या, आम्ही लावून देऊ. सोबत दोन्ही पालकांचे आधार आणि पॅन, उत्पन्नाचा पुरावा, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि चालू कर्जाचे हप्ते असतील तर त्यांचा तपशील. मुलाला किंवा मुलीलाही आणा. तालीम असेल तर सातनंतर आलात तरी चालेल, दिवा सुरू असतो.